तू कोणाचो?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शेडमध्ये रोज दीडशे-पावणेदोनशे पेट्या भरत होत्या. देवगड तालुक्यात, वाघोटणच्या खाडीपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे आणि खळ्याच्या पलीकडे पत्र्याची पॅकिंग शेड. सकाळी आंबा उतरतो, दुपारी निवड होते, वजनाप्रमाणे चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेट्या भरतात, त्यांच्यावर मार्का पडतो आणि संध्याकाळी साडेपाचला गाडी वाशीकडे सुटते. सुटताना ड्रायव्हरच्या हातात एक कागद द्यावा लागतो: कुठल्या दलालाकडे, कुणाच्या मार्क्याच्या, किती पेट्या. आम्ही त्याला नुसतं ‘यादी’ म्हणतो. पुढे वाशीहून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की ती याच यादीशी लावून बघायची. यादीत एक पेटी कमी पडली तर ती कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीतून जाते. म्हणून यादीबद्दल मी फार हळवी आहे.

कॉम्प्युटर जुना. पुतण्याने त्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) बसवून दिलं आणि तो गोव्याला नोकरीला गेला. मी वाचत, विचारत शिकले आणि एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडींची फाइल, लिहिली. तिचं नावही यादीच. ती दिवसभराच्या नोंदींची फाइल वाचते, दलालवार बेरीज करते, वर तारीख आणि वार घालते आणि कागद प्रिंटरकडे पाठवते. टर्मिनल, म्हणजे कमांडी टाइप करायची खिडकी, उघडायचं, ‘यादी’ टाइप करायचं, एंटर मारायचं. दोन हंगाम हे बिनचूक चाललं. (सगळी नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. मशीनवर ती रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.)

यंदा पेट्या वाढल्या. पाच वाजता मी स्वतः शेडमध्ये पेट्या मोजत असते, टेबलाशी कुणी नसतं. म्हणून ठरवलं की हे काम क्रॉनला सांगायचं. क्रॉन म्हणजे घड्याळ बघून ठरल्या वेळी ठरलेली कमांड चालवणारा प्रोग्राम. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे त्याच्या वेळापत्रकाच्या फाइलमध्ये, एक ओळ लिहिली: रोज पाच वाजता, यादी.

पहिल्या दिवशी पाच वाजले, सव्वापाच झाले. गाडी खळ्यात उभी, ड्रायव्हर दोर आवळतोय, आणि मोठे भावजी शेडच्या दारातून विचारतायत, “यादी खंय आसा गो?” प्रिंटर गप्प होता. मी हात पुसत धावत आत गेले, टर्मिनल उघडलं, ‘यादी’ टाइप केलं. कागद लगेच बाहेर आला. गाडी वेळेत सुटली, पण मला रात्री झोप लागेना. मशीन तेच, यूजर मीच, स्क्रिप्ट तीच. मग माझ्या हाताने चालते ती क्रॉनच्या हाताने का चालत नाही?

बिघाड कुठेच दिसत नाही आणि काम मात्र होत नाही, अशा वेळी माणूस भलतीकडेच शोधत बसतो. मी प्रिंटर तपासला, घड्याळ तपासलं. शेवटी सिस्टिमचा लॉग उघडला. तिथे नोंद होती की पाच वाजता कमांड चालली, पण मेल पाठवायचा प्रोग्राम बसवलेला नाही म्हणून आउटपुट टाकून दिलं. म्हणजे क्रॉन जे काही सांगू पाहत होता ते कुणापर्यंत पोचतच नव्हतं. क्रॉन आपलं म्हणणं मेलने कळवतो, आणि घरगुती मशीनवर तो मेल घेणारं बहुधा कुणी नसतं. मी ओळीच्या शेवटी जोडलं की जे काही आउटपुट आणि ज्या काही चुका असतील त्या एका फाइलमध्ये लिही. क्रॉनला काही सांगायचं असेल तर आधी त्याचं बोलणं कुठे तरी पडेल अशी सोय करा. माझा एक दिवस वाचला असता.

दुसऱ्या दिवशी त्या फाइलमध्ये एकच ओळ होती: यादी सापडली नाही.

इथे पाथ समजून घ्यावा लागला. आपण नुसतं ‘यादी’ टाइप करतो तेव्हा शेल, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, सगळी डिस्क धुंडाळत नाही. पाथ नावाचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतं, म्हणजे प्रोग्रामला सोबत मिळणारं एक नाव आणि त्याची किंमत. त्यात फोल्डरांची नावं अपूर्णविरामाने जोडून एका रांगेत लिहिलेली असतात. शेल डावीकडून एकेक फोल्डर बघतं आणि त्या नावाची चालवता येणारी फाइल जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबतं. माझी स्क्रिप्ट माझ्या होम फोल्डरातल्या ‘बिन’मध्ये. माझ्या टर्मिनलमधल्या पाथमध्ये ते फोल्डर होतं. उबुंटूवर क्रॉनच्या पाथमध्ये फक्त दोन नावं असतात, ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’. त्या दोन्हीत माझी यादी नव्हती, आणि तिसरीकडे बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी क्रॉनच्या ओळीत स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहिला. तिसऱ्या दिवशी बरोबर पाचला प्रिंटर चालू झाला आणि मला केवढा आनंद झाला. भावजींनी कागद उचलला, लांब धरला आणि म्हणाले, “पेट्यो खंय आसत ह्येच्यात? आणि शुक्रवार विंग्रजीत कित्या इलो?”

कागदावर मथळा होता, रेघा होत्या, दलालांची नावं नव्हती, आकडे नव्हते. आणि तारखेपुढे रोज देवनागरीत येणारा वार इंग्रजीत आला होता. पुन्हा हाताने चालवली. पुन्हा सगळं बरोबर, आकडेही आणि ‘शुक्रवार’ही.

भावजींनी सहज विचारलेल्या त्या वाराने मला वाट दाखवली. आकडे गेले ते नोंदींच्या फाइलमुळे गेले असतील, पण वाराचा आणि नोंदींच्या फाइलचा काय संबंध? म्हणजे दोन्हींच्या मागे एकच कारण असणार. वार मराठीत यावा म्हणून मी पूर्वी एक व्हेरिएबल ठेवलं होतं, एलसी_टाइम, त्याची किंमत मराठी-भारत. नोंदींचं फोल्डर कुठे आहे ते सांगणारं दुसरं व्हेरिएबल मीच बनवलं होतं, आंबाघर. दोन्ही ओळी मी एकाच फाइलच्या तळाशी लिहिल्या होत्या, ‘.बॅशआरसी’च्या. माझं शेल बॅश, ते टर्मिनल उघडताना ही फाइल वाचतं. क्रॉनकडे ती दोन्ही पोचत नव्हती. आंबाघर रिकामं, म्हणून ‘आंबाघर/नोंदी’ याचं नुसतं ‘/नोंदी’ झालं. अशी फाइल मशीनवर नाही, म्हणून यादी रिकामी.

हे लक्षात आल्यावर माझ्या अंगावर काटा आला, कारण स्क्रिप्टच्या शेवटी तात्पुरत्या फाइली पुसायची ओळ होती. ‘आंबाघर/तात्पुरत्या’ मधलं पुस, अशी ती होती, म्हणून रिकाम्या नावाने ती कुठेच पोचली नाही. पण समजा मी ‘आंबाघर/’ मधलं सगळं, आतल्या फोल्डरांसकट पुस असं लिहिलं असतं, तर नाव रिकामं होताच उरली असती नुसती तिरकी रेघ, म्हणजे डिस्कचं मूळ. निदान माझ्या मालकीची तरी प्रत्येक फाइल गेली असती, तीन हंगामांच्या नोंदींसकट. पुढे हे सगळं मार्गी लागल्यावर मी स्क्रिप्टभर आंबाघर जिथे जिथे होतं तिथे महिरपी कंसात घालून नावापुढे अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह जोडलं. असं लिहिलं की नाव रिकामं असल्यास शेल पुढे जातच नाही, तक्रार करून थांबतं. बाकी काही केलं नाहीत तरी हे कराच.

मग पहिल्यांदा मी अंदाज सोडून मोजायला बसले. क्रॉनमध्ये एक जादा ओळ टाकली की दर मिनिटाला ‘एन्व्ह’ ही कमांड चालव आणि जे मिळेल ते फाइलमध्ये लिही. एन्व्ह म्हणजे सध्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जे जे आहे ते सांगणारी कमांड. तीच कमांड माझ्या टर्मिनलमध्ये चालवली. दोन्ही याद्या छापून पडवीत कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली शेजारी शेजारी ठेवल्या. माझी यादी पानभर होती, मागच्या बाजूला गेली होती. क्रॉनची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: होम, लॉगनेम, शेल, ते दोन नावांचं पाथ, भाषेसाठी सिस्टिमने ठरवलेलं लँग, आणखी एखाददुसरं. आंबाघर नाही. एलसी_टाइम नाही. आणि शेलच्या पुढे लिहिलं होतं एसएच, माझ्याकडे मात्र बॅश.

सासूबाई पडवीत पान लावत बसल्या होत्या. हंगामाला नवी पोरं कामावर येतात, त्यांतला एक पाणी मागायला आला. आईंनी पाणी दिलं आणि आमच्याकडे जे सगळे विचारतात तेच विचारलं, “तू कोणाचो रे?” त्याने बापाचं नाव सांगितलं, वाडी सांगितली. आई म्हणाल्या, “हां, म्हणजे तुझ्या आज्याचां कलमांचां काम.” तीन शब्दांच्या प्रश्नावर त्यांना त्याचं घर, त्याचं काम, काय येत असेल, कोण ओळखीचं, सगळं कळलं.

मी हातातल्या दोन कागदांकडे बघितलं. मी इतके दिवस विचारत होते, ‘ही ओळ कुठल्या फाइलमध्ये घालू?’ विचारायला हवं होतं ते हे, की ही प्रोसेस कोणाची?

मशीनवरची प्रत्येक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, कुणाच्या तरी पोटी जन्मते. जन्मताना तिला आईबापाच्या एन्व्हायर्नमेंटची प्रत मिळते. प्रत, मूळ नव्हे. आमच्याकडचा चाकरमानी गणपती आटपून मुंबईला निघतो तेव्हा पिशवीत कोकमं, पोहे, कुळथाचं पीठ बांधून देतात. गाडीत बसल्यावर त्याच्याकडे तेवढंच. नंतर घरात नवीन लोणचं घातलं तर ते त्याच्या पिशवीत आपोआप जाऊन पडत नाही. आणि त्याने मुंबईत काय शिजवलं ते गावच्या चुलीवर दिसत नाही. मी टर्मिनल उघडते तेव्हा टर्मिनलच्या पोटी बॅश आणि बॅशच्या पोटी माझी यादी. बॅशने जे वाचून ठेवलं ते यादीला मिळतं. पाच वाजता मात्र क्रॉनच्या पोटी एसएच आणि त्याच्या पोटी यादी. त्या घराण्यात माझी ‘.बॅशआरसी’ कुणी वाचलेलीच नसते.

त्या रात्री मी हे सगळं हाताने करून बघितलं, कारण वाचलेलं मला केल्याशिवाय पटत नाही. टर्मिनलमध्ये लिहिलं, फळ बरोबर हापूस. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा न सोडता, कारण जागा सोडली की शेल ‘फळ’ नावाची कमांड शोधायला जातं. ‘एको’ या छापून दाखवणाऱ्या कमांडने विचारलं, हापूस. मग त्याच टर्मिनलमध्ये ‘बॅश’ टाइप करून आतमध्ये दुसरा बॅश उघडला. तिथे विचारलं, उत्तर रिकामं. बाहेर आले, ‘एक्स्पोर्ट फळ’ केलं, पुन्हा आत गेले. आता हापूस. नुसतं ठेवलेलं व्हेरिएबल त्या शेलच्या खिशात असतं, एक्स्पोर्ट केलेलंच पुढच्या पिढीच्या पिशवीत जातं. मग आतल्या बॅशमध्ये मी फळ बदलून पायरी केलं, बाहेर आले, विचारलं. हापूसच. आत केलेला बदल आतच राहिला. फार साधी गोष्ट आहे, पण डोळ्यांनी बघितल्यावर माझ्या डोक्यातल्या दहा शंका एकदम गेल्या. फाइल बदलली तरी आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलला पत्ता का नसतो, तेही यातच आलं.

चालू असलेल्या प्रोसेसची जन्मवेळची पिशवीसुद्धा बघता येते. लिनक्सवर ‘/प्रॉक’ या फोल्डरात प्रत्येक प्रोसेसच्या नंबराचं एक फोल्डर असतं आणि त्यात ‘एन्व्हायरॉन’ नावाची फाइल. एखादा प्रोग्राम हट्ट करत असेल तर ती उघडून बघावी. सुरू होताना त्याला काय मिळालं ते तिथे लिहिलेलं असतं.

कारण कळलं होतं, मग उपायही लगेच सापडेल असं वाटलं होतं. क्रॉनच्या ओळीत आधी ‘.बॅशआरसी’ वाचायला लावायची, मग यादी चालवायची. लिहिलं, ‘सोर्स’ आणि फाइलचं नाव. फाइलमध्ये तक्रार आली, सोर्स सापडलं नाही. उबुंटूवर एसएच म्हणजे बॅश नव्हे, डॅश नावाचं छोटं, चपळ शेल आहे. 2006 मध्ये उबुंटूने तो बदल केला. डॅशला सोर्स हा शब्द येत नाही, त्याला नुसता एक टिंब लागतो. टिंब लिहिलं. आता तक्रार नाही. आणि यादी पुन्हा रिकामीच.

तक्रार आली की निदान धागा तरी हाताला लागतो. इथे काहीच नव्हतं. फाइल वाचली जातेय, त्यात आंबाघरची ओळ आहे, तरी आंबाघर रिकामं. दीड तास गेला. शेवटी मी ‘.बॅशआरसी’ तळापासून नव्हे, अगदी वरून वाचायला घेतली. इतक्या महिन्यांत मी ती कधी वरून वाचली नव्हती. उघडायची, थेट खाली जायचं, आपली ओळ लिहायची, बंद करायची. उबुंटूने दिलेल्या त्या फाइलच्या सुरुवातीलाच चारच ओळी आहेत. त्या शेलला विचारतात, तुझ्या समोर कुणी माणूस टाइप करत बसलाय का? डॉलर आणि वजाबाकीचं चिन्ह मिळून जे व्हेरिएबल होतं त्यात ‘आय’ हे अक्षर आहे का ते बघतात. असेल तर पुढे जा, नसेल तर इथूनच परत फिर. क्रॉनसमोर कुणी बसलेलं नसतं. म्हणून तो दरवेळी दारातूनच परत फिरत होता आणि माझ्या ओळी शंभर ओळी खाली वाट बघत होत्या.

त्या चार ओळी तिथे का आहेत हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल राग राहिला नाही. ‘.बॅशआरसी’ ही माणसासाठीची फाइल आहे. प्रॉम्प्टचे रंग, कमांडची टोपणनावं, टॅब दाबल्यावर शब्द पुरे होणं, असल्या गोष्टी तिच्यात. ही टोपणनावं एन्व्हायर्नमेंटमधून वारशाने जात नाहीत, म्हणून प्रत्येक नव्या टर्मिनलला ती नव्याने वाचावी लागते. उलट एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबल आपोआप खाली झिरपतात, ती एकदाच, लॉगिनच्या वेळी ठेवली की पुरतात. एन्व्हायर्नमेंटची ही पद्धत 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासूनची, स्टीफन बोर्न यांच्या शेलबरोबर आलेली. तेव्हा एका मोठ्या मशीनला अनेक माणसं दुरून जोडलेली असत. सकाळी एकदा लॉगिन करायचं, एकदा प्रोफाइल वाचली जायची, मग दिवसभर तिच्याच पोटी सगळं. बॅश 1989 मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिलं आणि ही घडी त्याने पुढे चालवली. नावातलं ‘आरसी’ तर त्याहून जुनं, 1960 च्या दशकातल्या सीटीएसएस या सिस्टिमवरच्या ‘रनकॉम’वरून आलेलं, कमांडी चालव या अर्थाचं.

म्हणून मग माझ्या दोन ओळी मी ‘.प्रोफाइल’मध्ये हलवल्या आणि क्रॉनला सांगितलं की बॅशला लॉगिन शेल म्हणून चालव. त्यासाठी वजा एल असा पर्याय आहे. लॉगिन शेल आधी ‘/ईटीसी/प्रोफाइल’ वाचतं, मग माणसाच्या स्वतःच्या फाइलकडे वळतं. आता जमणारच, असं मी भावजींना सांगूनही टाकलं.

नाही जमलं.

या वेळी मी घाबरले नाही. एक साधी युक्ती केली: ‘.प्रोफाइल’च्या अगदी पहिल्या ओळीत ‘प्रोफाइल वाचली’ असं एको करायला लावलं. पाच मिनिटांनी लॉग बघितला. ती ओळच नव्हती. फाइल वाचलीच जात नव्हती. मग बॅशचं मॅन्युअल उघडलं, सुरुवातीच्या फाइलींचा परिच्छेद शोधला आणि एकेक शब्द वाचला. लॉगिन शेल तीन नावं क्रमाने शोधतं: आधी ‘.बॅश_प्रोफाइल’, मग ‘.बॅश_लॉगिन’, मग ‘.प्रोफाइल’. आणि त्यांतली पहिली जी सापडेल आणि वाचता येईल तेवढीच वाचतं. उरलेल्या दोन त्याला नसल्यासारख्या.

होम फोल्डरात टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली साध्या यादीत दिसत नाहीत, ‘एलएस’ला वजा ए द्यावं लागतं. दिलं. तिथे एक ‘.बॅश_प्रोफाइल’ होती. मी कधीच बनवली नव्हती. फेब्रुवारीत वजनकाट्यासाठी एक सॉफ्टवेअर बसवलं होतं, त्याच्या इन्स्टॉलरने आपल्या फोल्डराची एक ओळ पाथमध्ये जोडायला ही फाइल निर्माण करून ठेवली होती. आत तेवढी एकच ओळ. आणि त्या एका ओळीमुळे माझी ‘.प्रोफाइल’ त्या दिवसापासून लॉगिन शेलसाठी मुकी झाली होती. दुसऱ्याच्या घरात येऊन दार बंद करून जाणं हे मला बरोबर वाटत नाही. इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांनी निदान एवढं तरी बघावं की तिथे आधीपासून ‘.प्रोफाइल’ आहे का, आणि असेल तर नव्या फाइलमधून तिला हाक मारावी.

मी त्यातली ओळ उचलून ‘.प्रोफाइल’मध्ये ठेवली आणि ‘.बॅश_प्रोफाइल’ काढून टाकली. क्रॉनची पुढची फेरी झाली. लॉगमध्ये ‘प्रोफाइल वाचली’. आंबाघर भरलेलं. शुक्रवारच्या जागी आता सोमवार होता, देवनागरीत.

इथे थांबता आलं असतं. पण आईंचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आज क्रॉन, उद्या दुसरं कुणी. पुतण्या गोव्याहून एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, मशीनवर येतो. त्याचा स्वतःचा लॅपटॉप मॅक आहे आणि तिथे 2019 च्या कॅटलिना या आवृत्तीपासून झेडशेल आहे, त्याच्या फाइली निराळ्या. सिस्टिमडी, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम सांभाळणारी व्यवस्था, तिची सर्व्हिस केली तर ती माझी कुठलीच फाइल वाचणार नाही. दुसऱ्याच्या अधिकाराने कमांड चालवणारा सुडो लावला तर तो बहुतेक एन्व्हायर्नमेंट झटकून टाकतो आणि स्वतःचा पाथ लावतो. प्रत्येकाचं घराणं वेगळं. यादीने कोणाच्याही पोटी जन्म घेतला तरी तिला लागणाऱ्या दोन गोष्टी तिच्याजवळ असायला हव्यात, ही जबाबदारी यादीचीच.

म्हणून मी एक वेगळी छोटी फाइल केली, ‘पेटी.एन्व्ह’. तिच्यात तीनच ओळी: आंबाघर, एलसी_टाइम आणि पाथ. तिन्ही एक्स्पोर्ट केलेल्या. काही छापत नाही, काही विचारत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अशा फाइलींत एको ठेवला तर फाइली पाठवणाऱ्या कमांडी त्या शब्दांनी गोंधळतात. माझी ती ‘प्रोफाइल वाचली’ची ओळ मी त्यासाठीच लगेच पुसली. पाथ लिहिताना जुनं पाथ कायम ठेवून त्याला माझं फोल्डर जोडायचं, त्याच्या जागी लिहायचं नाही, नाहीतर एलएससुद्धा सापडेनासं होतं. मग यादीच्या स्क्रिप्टमध्ये अगदी वरती एक टिंब, एक जागा आणि ‘पेटी.एन्व्ह’चा पूर्ण पत्ता. ‘.प्रोफाइल’मध्येही तीच ओळ, म्हणजे मी टर्मिनलवर बसले तरी तेच. किंमत बदलायची तर एकाच जागी. क्रॉनमधून बॅशचं वजा एल काढलं, सगळी कसरत काढली, फक्त पूर्ण पत्ता ठेवला.

आणि पाच वाजेपर्यंत वाट न बघता तालीम घ्यायची सोयही सापडली. एन्व्हला वजा आय दिलं की ती पिशवी पूर्ण रिकामी करून कमांड चालवते. मी होम आणि क्रॉनचं ते दोन नावांचं पाथ एवढंच हातात देऊन एसएचमधून यादी चालवली. भर दुपारी, जेवायच्या आधी. कागद आला. वर वार मराठीत, खाली सगळे दलाल, बेरीज एकशे अडुसष्ट. मी शेडमध्ये जाऊन पेट्या मोजल्या. तोवर भरलेल्या एकशे अडुसष्टच होत्या.

त्या संध्याकाळी पाचला मी मुद्दाम टेबलापाशी गेले नाही. शेडमध्ये पेंढा झाडत उभी राहिले. घरातून प्रिंटरचा आवाज आला. भावजी कागद घेऊन खळ्यातून आले, बोट लावून एकेक मार्का वाचला, घडी घातली आणि ड्रायव्हरच्या खिशात ठेवली. गाडी सुटली तेव्हा खाडीवरचा वारा सुटला होता. आईंनी पडवीतून विचारलं, “इली काय गो यादी?”

“इली,” मी म्हटलं.